राबातला जीव आणि हिराबाईंची नऊ पावलं

शहापूर-मुरबाडकडे माती आणायला निघाले आहे असं सांगितल्यावर आमच्या सोसायटीतल्या एकीने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "अगं, नर्सरीत पिशवी मिळते की!" तिला समजावत बसायला वेळ नव्हता. मला हवी होती ती एका ठरावीक शेतातली, ठरावीक जागेवरची, भाजलेली माती. खरं तर मातीसुद्धा नको होती. तिच्यात राहणारा एक जीवाणू हवा होता. चार वर्षांपूर्वी मीच त्याला तिथून पुण्याला आणलं होतं आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीच त्याला मारलं होतं.

मारलं म्हणजे मुद्दाम नव्हे. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बरोबरच्या मैत्रिणी निवृत्तीच्या गोष्टी करायला लागल्या त्या वयात मी पीएच.डी.ला नाव घातलं. सुट्टीत प्रयोगशाळेचा डीप फ्रीझर बंद पडला आणि आत जपून ठेवलेल्या नळ्यांचं पाणी पाणी झालं. महत्त्वाच्या जीवाणूची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, हे मी दर वर्षी मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. स्वतः मात्र ठेवली नव्हती. प्रबंधाची मुदत संपायला एक वर्ष उरलं होतं आणि शेवटचं प्रकरण याच जीवाणूवर होतं. तो परत सापडला नाही तर इतक्या वर्षांचं काम कपाटात जाणार, एवढा साधा हिशेब होता. म्हणून चैत्राच्या उन्हात, निळा थंडपेटीचा डबा खांद्याला अडकवून मी निघाले.

शहापूर

आसनगाव स्टेशनावर सुमन घ्यायला आली होती. सुमन माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्नानंतर शहापूरची झाली आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या गच्चीवरून माहुलीचे सुळके दिसतात. चैत्रात ते धुरकट निळे असतात आणि त्यांच्या पायथ्याशी इकडेतिकडे बारीक धुराच्या रेघा उठलेल्या असतात. "राब भाजतायत," सुमन म्हणाली. त्या रेघा पाहून मला एकदम हुशारी आली.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं बी पेरायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात आधी शेण, मग झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पाला, गवत आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर देतात आणि तो ढीग सावकाश भाजतात. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते, रोपं जोमाने येतात. आमच्या घाटावर ज्वारी-बाजरीच्या मुलखात हे कुणाला माहीतही नसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेतकरी स्वतःचंच शेत का पेटवतोय असं वाटून ओरडणार होते.

सुमनने जेवायला कैरी घातलेला सुका जवळा आणि तांदळाची भाकरी केली होती. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या माझ्या हाताला तांदळाची उकड कधी जमली नाही; माझ्या भाकरीला नकाशासारख्या कडा येतात. सुमनची भाकरी मात्र टम्म फुगून तव्यावर फिरत होती. मी तिसरी भाकरी घेताना तिने विचारलं, "आता मला सांग शुभे, एका जंतूसाठी एवढा जीव का टाकतेस?"

मी सांगायला लागले. जीवाणूच्या अंगात हजारो जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी वाचली जात नाहीत. वाचणारं एक यंत्र असतं. ते स्वतःहून आंधळं असतं. वाचन कुठून सुरू करायचं ते त्याला दुसरं एक प्रथिन दाखवतं. जनुकाच्या दाराशी नेऊन बसवतं. रोजच्या दिवसांत एक प्रथिन हे काम करतं. पण उष्णता वाढली, पाणी संपलं, संकट आलं, की एरवी बांधून ठेवलेलं दुसरंच प्रथिन मोकळं होतं आणि यंत्राला वेगळ्याच दारांशी नेतं. मग जीव वाचवणाऱ्या वस्तू तयार होतात.

"म्हणजे आमच्या शाळेसारखंच," सुमन म्हणाली. "रोज आमचा शिपाई वर्ग उघडतो. निवडणूक आली की दुसराच माणूस येतो आणि भलत्याच खोल्या उघडतो. पण त्याला कसं कळतं कुठल्या उघडायच्या?"

"दारावर खुणा असतात. एक नव्हे, दोन. आणि दोन्हींमधलं अंतरही ठरलेलं असतं. माझ्या जीवाणूत ते अंतर जरा जास्त निघालं. माझे पीएच.डी.चे सर म्हणतात, एवढं नसतंच. तुमच्या टायपिंगची चूक असेल."

"आणि आहे का चूक?"

"ते दाखवायच्या आधीच तो मेला ना गं," मी म्हणाले. सुमनने चौथी भाकरी वाढली.

किन्हवलीच्या रस्त्याने

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरहून जीप पकडली. मुरबाडला रेल्वे नाही. त्या बाजूचं सगळं जग एसटीवर आणि जीपवर चालतं. गुडघ्यावर निळा डबा घेऊन बसले होते. समोरची बाई किन्हवली येईपर्यंत त्याच्याकडेच बघत होती. शेवटी तिने विचारलं, "डोस द्यायला चालल्या का?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. असला डबा या भागात एकाच कामासाठी येतो, पोलिओच्या लसीसाठी. मी नाही म्हणाले तर तिला खोटं वाटलं. "आमच्या नातवाचा एक डोस ऱ्हायलाय," ती म्हणाली, "नाव लिवून घ्या." मी शपथेवर सांगितलं की मी फक्त माती नेणार आहे. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "सरकारी मान्सं अशीच सांगतात."

मी उतरले त्या पाड्याला आंबेपाडा म्हणू. डोंगराच्या उतारावर वीस-पंचवीस घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. मी डबा घेऊन चढतेय हे पाहून दोन घरांतली लहान मुलं आत पळाली आणि तिसऱ्या घरातून एक बाई आपलं तान्हं घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची समजूत काढता काढता घाम फुटला.

चार वर्षांपूर्वी मी माती घेतली ती हिराबाईंच्या राबातली. हिराबाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, काटक, बोलायला खणखणीत. या वेळी घरात त्यांची सून संगीता तेवढी होती. "आत्याबाई मुरबाडला गेल्यात, हळदीला. उद्या सकाळी येतील," ती म्हणाली. "तुमी बसा मॅडम, चा टाकते."

बसले असते तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे वही होती, आणि वही असलेल्या माणसाला वाट बघवत नाही. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'फांद्या छाटलेल्या ऐनाच्या समोरचं खाचर. बांधाच्या मोरीपासून काळ्या दगडापर्यंत नऊ पावलं. त्यांच्या मधोमध.' याहून स्पष्ट काय हवं? मी चहा घेऊन खाली उतरले. छाटलेला ऐन दिसला. त्याच्यासमोरच्या खाचरात पाणी जायची मोरी दिसली. तिथून नऊ पावलं टाकली, तर बरोबर काळ्या दगडाशी पोचले. मधे यंदाचा राब रचून तयारच होता. देवाचे आभार मानून मी तो उकरला आणि संध्याकाळपर्यंत वीतवीत खोलीवरून नमुने घेत बसले. संगीता दोनदा पाणी घेऊन आली, बांधावर उभी राहून शांतपणे बघून गेली.

रात्रीच्या जेवणाला मोहाच्या फुलांची भाजी होती. गोडसर, जरा तुरट, मी दोनदा मागून घेतली. जेवताना संगीता हळूच म्हणाली, "मॅडम, ते खाचर आमचं नाय. काळूदादाचं हाय."

माझा घास हातातच राहिला. "अगं, मग दुपारीच का नाही सांगितलंस?"

"तुमी शिकलेल्या. म्हटलं, तुमाला त्यातलंच पायजे असंल काय तरी."

पाहुण्याला चुकतेस म्हणायचं नाही, ही इकडची रीत. आमच्या पुण्यात पाहुणा चपला काढायच्या आत त्याच्या दोन चुका सांगून होतात. मला त्या क्षणी पुण्याची रीत फार प्रिय वाटली.

आंबेपाडा, दुसरा दिवस

सकाळी अंगणात मोठ्याने बोलण्याचा आवाज आला. काळूदादा आले होते, शेजारचे शेतकरी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ते चिडून सांगत होते की रात्री डुकराने त्यांचा राब उकरला. मुरबाडहून नुकत्याच आलेल्या हिराबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि सगळं उमजल्यावर पदर तोंडाला लावला.

"डुकरानं उकरला, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन हितलं डुक्कर नाय रे ते. पुन्याचं हाय!"

काळूदादा आधी गोंधळले, मग इतके हसले की खालच्या घरातली माणसं बाहेर आली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी सारखी माफी मागत होते. ते म्हणाले, "माफी कशाला? लावा परत." म्हणजे खरंच लावायला लावलं. शेणाचा थर, मग कवळ, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, मग पाला, मग गवत, वर माती, आणि माझा थर जाड झाला की ते काठीने दाखवत, "हां, हितं दाबा." कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या मला बघायला सगळा पाडा जमला होता. कालच्या तान्ह्याची आईसुद्धा होती. मी डोस द्यायला आलेली नाही हे आता तिला पटलं असावं.

हात धुतल्यावर मी हिराबाईंना वही वाचून दाखवली आणि विचारलं, माझं चुकलं कुठे?

"झाडाची कसली खूण घेते गो?" त्या म्हणाल्या. "एकाच झाडाला दरसाल भादरलं तर मरंल ना ते! तवाच्या ऐनाला आता इसावा दिला. हा दुसरा." त्यांनी बोट दाखवलं. चार वर्षांपूर्वीचा माझा उघडाबोडका ऐन लांब तिकडे अंगभर फांद्या घेऊन उभा होता. मी त्याला ओळखलंच नव्हतं.

"बरं, झाड चुकलं. पण मोरी होती, दगडही होता, आणि नऊ पावलंही भरली."

"मोऱ्या सगळ्या खाचरांना हायेत. काळं दगड पन्नास हायेत." हिराबाई आपल्या खाचराकडे चालू लागल्या. मोरीत टाच रोवली, दूरच्या दगडाकडे तोंड केलं आणि अनवाणी पावलं टाकत निघाल्या. नवव्या पावलाला त्यांचा अंगठा दगडाला लागला. "ह्या जोडीमधी नऊ पावलं. तेवढीच आमची. माज्या सासूनं दावलीत."

मी त्यांच्या मागून चालले. माझी सातच भरली. चार वर्षांपूर्वी चालून दाखवलं होतं ते हिराबाईंनी, मी नुसता आकडा लिहून घेतला होता. मी ताडमाड उंच आहे. काल माझ्या नऊ पावलांनी मला सरळ काळूदादांच्या दगडाशी नेऊन सोडलं होतं.

"तुजी लांब टांगेची पावलं कशाला मोजते?" हिराबाई म्हणाल्या. "माजी मोजायची."

मी बांधावरच बसले. इतकी वर्षं मी मुलांना फळ्यावर जे शिकवत होते ते या बाईने मला चालून दाखवलं होतं. मोरी सगळीकडे असते, दगडही सगळीकडे. ओळख पटते ती दोन्ही खुणा ठरलेल्या अंतरावर भेटल्या तरच. आणि ते प्रथिन काही पट्टी घेऊन अंतर मोजत नाही. त्याचा एक हात या खुणेवर पोचतो आणि दुसरा त्या खुणेवर. अंतर त्याच्या अंगातच असतं. रोजच्या प्रथिनाच्या पावलांनी मोजलं तर संकटातलं दार चुकीचंच वाटणार. सर म्हणतात ती टायपिंगची चूक कदाचित नुसती दुसऱ्याची पावलं असतील. हे मी हिराबाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं, हे कळायला एवढी वर्षं लागली का?

हिराबाईंचा राब पेटवायच्या आधी मी तुलनेसाठी थोडी माती घेतली. उन्हं कलली तशी हिराबाई आग घेऊन आल्या. मी घाई करत म्हणाले, "वारा त्या अंगाने येतोय, तिकडून लावा, लवकर होईल."

"येडी का काय गो? वाऱ्याच्या अंगानं लावला का इस्तव पळत जातो. वरचंवर करपतं, खालचं कच्चंच ऱ्हातं." त्या वळसा घालून उलट्या बाजूला गेल्या आणि तिथून राब पेटवला. ज्वाळा अशी उठलीच नाही. वाऱ्याला तोंड देत, मातीच्या थराखालून आग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिली. आम्ही तिघी बांधावर बसून करवंदं खात होतो. पांढरा धूर वाऱ्याने तिरपा होत वर जात होता, जळत्या शेणाचा आणि पाल्याचा वास सगळीकडे भरला होता. पुण्यात धूर म्हटला की मी खिडक्या लावते. इथे मात्र तो वास नाकात भरून घ्यावासा वाटत होता. फार दिवसांनी मी घड्याळ बघितलं नाही.

पन्हं

तिसऱ्या दिवशी राब निवाला होता. सकाळच्या जीपने मी मुरबाडहून बर्फाची लादी मागवली होती, भुशात गुंडाळून. मी हिराबाईंच्या नऊ पावलांच्या मधोमध बसून बारा नळ्या भरल्या, झाकणं घट्ट लावली, डब्यात खाली दोन, वर दहा अशा रचल्या, मधे फोडलेला बर्फ ठासला, आणि जीव भांड्यात पडला. मातीतले जीवाणू घेतले तसेच राहावेत म्हणून नमुने थंड ठेवायचे, हा आमचा पहिला धडा. डबा ओटीवर ठेवून मी विहिरीवर अंघोळीला गेले आणि तिथून काळूदादांच्या घरी. मी त्यांच्या राबाला भोक पाडूनही त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं.

परत आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. संगीताने हसत पेला पुढे केला. कैरीचं पन्हं, वेलची घातलेलं, आणि इतकं गारेगार की दातांना झिणझिण्या आल्या. मी घटाघटा प्याले. दुसरा पेला मागितला. तो अर्धा संपल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाड्यात एकाही घरी फ्रीज नाही.

"संगीता, बर्फ कुठून आणलास?"

"तुमच्याच डब्यात होता ना, मॅडम. एवढा बर्फ नुसता वितळून चाललेला. सगळ्यांना दिलं."

ओटीवर डबा उघडा होता. तळाशी दोन नळ्या उरलेल्या बर्फाच्या पाण्यात. बाकीच्या दहा अंगणात एका सुपात हारीने मांडलेल्या, भर उन्हात. संगीता म्हणाली, "माती वाळली का हलकी होईल न्यायला. झाकनं निघाली नायत, नायतर उघडून वाळवली असती."

मी ओरडले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. ज्यांच्या घरी तीन दिवस जेवले, ज्यांच्या अंगणात झोपले, त्या घरच्या पोरीवर मी कॉलेजातल्या आवाजात ओरडले. तुला काय कळतं, माझी इतक्या वर्षांची मेहनत होती, हात लावायच्या आधी विचारायचं नाही का? संगीताचा चेहरा उतरला. ती एकेक नळी पदराने पुसून डब्यात ठेवायला लागली.

हिराबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "उन्हात ठेवली तर माती मरते का गो? जल्मभर उन्हातच हाय ती. काल तर आगीत होती."

मी डबा बंद केला. परत माती घ्यायला वेळ नव्हता, नवा बर्फ नव्हता, सुट्टी संपली होती. दुपारच्या जीपमध्ये बसले तेव्हा संगीता बाहेर आली नाही. हिराबाईंनी पळसाच्या पानात करवंदं बांधून दिली.

मुरबाड

मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या एसटीला वेळ होता. ताडगोळे विकत घेतले, पण ते पिशवीतच राहिले. माती गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त ती पदराने पुसलेली नळी डोळ्यांपुढे येत होती. तिने मला काय केलं होतं? उन्हातून येणाऱ्या पाहुणीला गार काहीतरी द्यावं, एवढंच ना? जीपचा ड्रायव्हर परत निघाला होता. मी त्याच्याकडे जिलेबीचा पुडा दिला आणि म्हटलं, "संगीताला द्या. म्हणावं, पन्हं फार छान झालं होतं."

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले. माफीचा शब्द मला ड्रायव्हरच्या हाती पाठवता येईना.

पुण्यात

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

आल्या आल्या मी आधी तळातल्या दोन थंड नळ्या उघडल्या. आशा होती ती त्यांच्यावरच. नको ते जीवाणू मरावेत म्हणून त्यांची माती नेहमीसारखी कढत पाण्यातून काढली आणि बशांवर पसरली. तीन दिवस, चार दिवस. नेहमीचे पांढरे, चिकट जीवाणू भरपूर आले. माझा आला नाही. तो ओळखायला सोपा आहे, केशरी, कडेला विणलेल्या लेससारखी नक्षी असलेला. मी सरांना फोन करायचं टाळत होते.

उन्हातल्या दहा नळ्या मी फेकणार होते. मग हिराबाई आठवल्या आणि म्हटलं, बघू तरी, म्हणून तीही माती तशीच पसरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच प्रयोगशाळेत होते. पहिली बशी उजेडात धरली. काही नाही. दुसरीत मधोमध एक केशरी ठिपका, आणि कडेला लेस. मी खुर्चीवर बसले आणि रडले. मग उठून बाकीच्या बशा पाहिल्या. सहांमध्ये तो होता.

दोन नळ्यांवरून सिद्धांत मांडण्याइतका धीटपणा माझ्यात नाही. म्हणून त्या दोन थंड नळ्यांतली उरलेली माती मी चार तास हळूहळू ऊब देत तापवली. उलट्या वाऱ्याला लावलेल्या राबासारखी. मग नेहमीसारखी पसरली. तिसऱ्या दिवशी तिथेही तो आला. इतकी वर्षं आम्ही माती बर्फातून काढून एकदम कढत पाण्यात घालत होतो. वरचंवर करपत होतं. बांधलेल्या प्रथिनाला मोकळं व्हायला, योग्य दारं गाठायला वेळच मिळत नव्हता. चार वर्षांपूर्वी तो मला सापडला तेव्हा मी मातीची पिशवी गाडीच्या डिकीत विसरले होते, हेही आता आठवलं.

पुढचं काम महिन्यांचं होतं, ते सांगून कंटाळा आणत नाही. जनुकाच्या दारावरच्या दोन्ही खुणा पुन्हा वाचल्या. अंतर तेच निघालं, जरा जास्त. मग त्याचं संकटातलं प्रथिन वेगळं काढून त्या दाराच्या तुकड्याजवळ ठेवलं. त्याने ते पकडलं. दोन खुणा जवळ आणल्या, तर सोडून दिलं. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "टायपिंगची चूक नव्हती तर." जीवाणूच्या प्रती आता तीन वेगवेगळ्या इमारतींत आहेत.

त्या संध्याकाळी मी संगीताला फोन लावला.  सगळं सांगितलं. तिने माझी माती बिघडवली नव्हती, वाचवली होती. थंडीत जे दडून बसलं होतं ते तिच्या सुपातल्या उन्हाने जागं झालं. आणि मी तिच्यावर ओरडले, ती माझी चूक होती.

 तिच्या मागे हिराबाई विचारत होत्या, "काय म्हनते गो ती?" संगीताने त्यांना काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या.

"मंग मॅडम, पुढच्या टाइमाला येताना बर्फ आणू नका," ती म्हणाली.  "नाय, आणा. पन्ह्याला लागंल."